भिंतीपलीकडची धडधड आणि बेस गिटार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की नाशिकमध्ये दोन तऱ्हेच्या तालमी सुरू होतात. ढोलपथके मैदानांवर वाजवतात. नाशिक ढोलाचा मान मोठा, त्यामुळे लोक तो आवाज थोडा सोसूनही घेतात. दुसऱ्या तालमी बंद दाराआड चालतात. इंदिरानगर-सिडकोतल्या रो-हाऊसची मागची खोली, कॉलेज रोडवरच्या इमारतीचे पार्किंग, सातपूर-अंबडमधला रविवारी बंद असलेला गाळा. तिथे कॉलेजच्या मुलांचे, कंपनीतल्या सहकाऱ्यांचे, सोसायटीच्या स्नेहसंमेलनासाठी जमलेल्यांचे हौशी बँड सराव करतात. त्यांच्याविषयी शेजाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच शब्दाची असते: धडधड. गाणे कुठले ते कळत नाही, शब्द कळत नाहीत, नुसती धडधड येते.

तक्रार खरी आहे. त्या धडधडीत मोठा वाटा बेस गिटारचा असतो आणि हे पत्र लिहिणारे आम्ही सगळे बेस गिटार वाजवतो, म्हणून उत्तर आम्हीच द्यायला हवे. भिंतीपलीकडे जाणारा बेस आणि बँडला हवा असलेला बेस हे दोन वेगळे आवाज आहेत. पहिला कमी करून दुसरा वाढवता येतो. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. नॉब कुठे ठेवायचा, अॅम्प (वाद्याचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका) कुठे ठेवायचा आणि सूर कधी थांबवायचा एवढे कळावे लागते.

बेसच्या चार तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा लागतात. गिटारच्या चार जाड तारांचेच हे सूर, फक्त एक सप्तक खाली. पेटीवर सांगायचे तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच. सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कंप पावते, पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८ वेळा. ४१ हर्ट्झच्या लहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे २७ फूट भरते. गायकाचा आवाज अडवणारी विटेची भिंत या लहरीला फारसे अडवत नाही, आणि अॅम्प जमिनीवर असेल तर तीच थरथर स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. अंड्यांचे ट्रे किंवा इंच-दोन इंच जाडीचा फोम भिंतीला चिकटवला की झांजेचा आणि गायकाचा कर्कशपणा कमी होतो. बेसवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. दर वर्षी कितीतरी मुले यावर पैसे घालवतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

आपला कान मात्र बेसचा सूर ओळखताना केवळ या ४१ किंवा ५५ वर विसंबत नाही. तार ४१ने हलते तेव्हा तिच्यात ८२, १२३, १६४ असे वरचे स्वरही असतात, तंबोऱ्याच्या तारेतून गंधार ऐकू येतो तसेच. त्यांवरून मेंदू मूळ सूर ताडतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला ४१ हर्ट्झ काढताच येत नाही, तरी त्यावर गाण्यातल्या बेसची चाल ओळखू येते ती यामुळे. बोट तारेवर पडल्याचा आवाज, सुराचे तोंड, हे तर आणखी वर, साधारण ४०० ते १००० हर्ट्झमध्ये असते. ड्रम्स आणि ढोलकी चालू असताना बेस कळतो तो या पट्ट्यात. आणि हा पट्टा भिंत बऱ्यापैकी अडवते.

नवा वादक नेमके उलटे करतो. घरी एकटा वाजवताना बेसचा (खालच्या सुरांचा) नॉब पूर्ण उघडा, ट्रेबल (वरच्या सुरांचा) उघडा आणि मिड (मधल्या पट्ट्याचा) शून्याकडे, असा आवाज भरदार वाटतो. बँडमध्ये बसला की तो नाहीसा होतो, कारण खाली किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आहे, वर झांज आणि गिटार आहे, आणि मधली जागा त्याने स्वतःच रिकामी केलेली आहे. मग व्हॉल्यूम वाढतो. बँडला तरीही ऐकू येत नाही, शेजाऱ्यांना येते.

म्हणून सगळे नॉब आधी मध्यावर, घड्याळातल्या बाराच्या जागी ठेवावेत. बेसचा नॉब दहाच्या जागी आणावा, मिड एक-दोनच्या जागी न्यावा, ट्रेबल तसाच ठेवावा. एकट्याने ऐकताना हा आवाज कोरडा, थोडा नाकातला वाटेल. तिथे हात आवरावा आणि ड्रम्ससोबत ऐकून मगच ठरवावे. अॅम्पवर किंवा पेडलमध्ये हाय-पास फिल्टर (ठरावीक सुराखालचा आवाज कापणारा) असेल तर तो ३५-४० हर्ट्झवर लावावा. त्याखाली स्पीकरचा पडदा नुसता हलतो, गाण्याला त्याचा उपयोग नसतो. मिक्सरवर गायकांच्या चॅनेलचे लो-कट (खालचे सूर कापणारे) बटण दाबलेले असावे, म्हणजे माइकमधून शिरणारी स्टेजची घरघर जाते आणि बेससाठी जागा उरते. एवढे केल्यावर व्हॉल्यूम पूर्वीपेक्षा कमी ठेवूनही बेस स्पष्ट येतो.

इथे कायद्याचाही एक बारकावा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. पण हे मोजमाप 'ए' भाराचे, म्हणजे कानाच्या संवेदनेप्रमाणे खालचे सूर कमी धरणारे. ५० हर्ट्झच्या जवळ हा मीटर खऱ्या दाबापेक्षा सुमारे ३० डेसिबल कमी दाखवतो. तेव्हा मोबाइलवरचे अॅप ५० दाखवत असताना शेजारच्या घरातले तावदान थरथरत असेल, तर शेजारी बरोबर आहे. अॅप पुढे करून वाद घालू नये.

वॅटविषयीही गैरसमज फार. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. ढोलकी, काहोन (त्यावर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) किंवा तबल्यासोबतच्या सरावाला ३० ते ५० वॅटचा बेस अॅम्प पुरतो. पूर्ण ड्रमसेट असेल तर १०० वॅटच्या पुढचा आणि १२ किंवा १५ इंची स्पीकरचा घ्यावा. गिटारच्या अॅम्पमधून बेस मोठ्याने वाजवू नये. खालच्या सुरांना स्पीकरचा पडदा जितका पुढे-मागे जातो तितका जाण्यासाठी तो बनवलेलाच नसतो. आधी फरफर ऐकू येते, मग कॉइल घासते आणि जळते. हेड (अॅम्पचे यंत्र) आणि कॅबिनेट (स्पीकरचा खोका) वेगळे असतील तर ८ ओहमच्या दोन कॅबिनेट एकत्र लावल्यावर भार ४ ओहम होतो, तो अॅम्पला चालतो का हे मागे लिहिलेले वाचावे. कॅबिनेटला स्पीकरचीच केबल लावावी. गिटारची बारीक शील्ड केबल तिथे गरम होते आणि अॅम्पही निकामी करते.

आता खोली. आपल्याकडच्या सरावाच्या खोल्या बहुतेक १० बाय १२ फुटांच्या. समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर मीटरमध्ये घ्यायचे, त्याची दुप्पट करायची आणि त्याने ३४३ला (आवाजाचा सेकंदाला मीटरमधला वेग) भागायचे. त्या खोलीत कुठला सूर उसळणार तो आकडा मिळतो. १२ फुटांसाठी सुमारे ४७ हर्ट्झ आणि १० फुटांसाठी सुमारे ५६. पहिला जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरच्या (फ्रेट म्हणजे दांडीवरची आडवी धातूची पट्टी) काळी तीनजवळ पडतो, दुसरा उघड्या ए तारेजवळ. हे दोन सूर दणाणतात आणि बाकीचे बारीक वाटतात. शिकणारा समजतो की आपली बोटे कच्ची आहेत. दोष खोलीचा असतो. खोली १० बाय १० आणि उंचीही १०च्या आसपास असेल तर तिन्ही दिशांचा उसळता सूर एकच येतो, आणि ती सरावाला सर्वांत वाईट खोली.

अॅम्प कोपऱ्यात ठेवू नये. दोन भिंती आणि जमीन मिळून त्याच खालच्या सुरांना उचलतात. कोपऱ्यापासून शक्य तितका बाहेर काढावा, स्टुलावर ठेवावा, स्टुलाखाली जुन्या गादीची दुहेरी घडी आणि तिच्यावर प्लायवूडचा तुकडा. स्लॅबमधून जाणारा दणका यानेच बराच उतरतो. अॅम्प थोडा मागे कलवून त्याचे तोंड वादकाच्या कानाकडे करावे. गुडघ्यावर आदळणारा आवाज कानाला कमी लागतो म्हणून नॉब वाढतो, हे आम्ही जवळजवळ प्रत्येक नव्या बँडमध्ये पाहतो. वादकाने खोलीच्या अगदी मध्यात उभे राहू नये, तिथे उसळता सूर ऐकूच येत नाही. भिंतीला पाठ लावूनही नको, तिथे तो फुगतो. भिंतीपासून खोलीच्या एक तृतीयांश अंतरावर निवाडा बरा होतो. गाळ्यात पत्र्याचे छप्पर असेल तर ठरावीक सुरालाच पत्रा खणखणतो. तो सूर शोधून ढिले बोल्ट, ट्यूबलाइटची पट्टी आणि शटर आधी आवळून घ्यावे. स्नेअर ड्रमच्या खालची जाळीही बेसने कुरकुरते. न वाजवताना तिचा खटका सोडून ठेवावा.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी बेस, कीबोर्ड, ऑक्टोपॅड तिन्ही थेट छोट्या मिक्सरला लावावेत आणि चार-पाच हेडफोन जोडता येतील असा हेडफोन अॅम्प घ्यावा. शेजाऱ्यांना मग गाणाऱ्याचा साधा आवाज तेवढा ऐकू जातो.

पण सर्वांत जास्त फरक पडतो तो काय वाजवता आणि कधी थांबता याने.

आपल्या गावातल्या हौशी कार्यक्रमात गायक पट्टी सांगतात ती काळी एक, पांढरी चार अशी. बेसवाल्याला गिटारच्या क्लासमुळे सी शार्प, एफ हे कळते. मध्येच गोंधळ होतो. पांढरी एक म्हणजे सी, तिथून पुढे पांढऱ्या ओळीने डी, ई, एफ, जी, ए, बी. काळ्या पाच म्हणजे सी शार्प, डी शार्प, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. काळी एकचा सा ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, पांढरी चारचा जाड तारेच्या पहिल्या फ्रेटवर, काळी पाचचा जाड तारेच्या सहाव्यावर. एवढे सा पाठ असले की बाकी आकृती एकच. सा वर बोट ठेवा. त्याच फ्रेटला शेजारची बारीक तार म्हणजे शुद्ध मध्यम. तिच्यावर दोन फ्रेट पुढे पंचम, एक फ्रेट मागे शुद्ध गंधार. त्याच फ्रेटला शेजारची जाड तार म्हणजे मंद्र पंचम, हा सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेला. एक तार सोडून पुढच्या तारेवर त्याच फ्रेटला कोमल निषाद, एक पुढे शुद्ध निषाद, दोन पुढे वरचा सा, एक मागे शुद्ध धैवत. ऐनवेळी गायिकेने घसा बसला म्हणून काळी पाचऐवजी पांढरी सहा मागितली तर अख्खी आकृती एक फ्रेट मागे सरकते, बोटांची चाल बदलत नाही. उघड्या तारांची सवय लागलेल्यांचे हाल इथे होतात.

गंधाराला जपावे. कीबोर्डवाला कोमल गंधार धरून असताना बेसवर शुद्ध गंधार पडला तर सगळा रंग जातो, आणि तो खालून येत असल्याने श्रोत्याला चूक कुणाची ते कळत नाही, पण खुपते. शंका असेल तिथे सा आणि पंचमावर राहावे. मात्र पंचमही डोळे मिटून लावू नये. मालकंसावर बांधलेल्या गाण्यात पंचम वर्ज्य असतो; तिथे सा-मध्यम हीच जोडी. मारव्यातही पंचम नाही. भावगीत-नाट्यगीताच्या कार्यक्रमाआधी वादकाने गायकाला फक्त एवढे विचारावे: पंचम चालतो का?

ठेक्याशी नाते असे. केरवा घ्या: धा गे ना ती, ना क धी ना. डग्गा घुमतो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला. शिकाऊ वादक प्रत्येक घुमेला बेसचा सूर चिकटवतो, आणि दोन्ही एकाच पट्ट्यातले असल्याने चिखल होतो. तबलजी मग जोर वाढवतो, बेसवाला वाढवतो, बाहेर धडधड जाते. त्याऐवजी पहिल्या मात्रेला सा, आणि पाचव्या मात्रेला मंद्र पंचम. पाचवी मात्रा तालातल्या 'खाली'ची, डग्गा तिथे गप्प असतो आणि खालची सगळी जागा बेसची असते. पंचमाचा सूर सहावी संपताना थांबवायचा, म्हणजे सातव्याचा 'धी' मोकळा घुमतो. दादऱ्यात पहिली आणि चौथी मात्रा पुरते. ढोलकीवाला घिस्सा (तळहात घासून काढलेली घुम) घेत असताना बेसने लांब सूर धरू नये, दोन्ही गढूळ होतात. ड्रमसेट असेल तर सूर किकबरोबर सुरू करून स्नेअरच्या ठोक्याला बंद करण्याचा सराव करावा. सूर कधी सुरू होतो याकडे सगळे लक्ष देतात. तो कधी संपतो याकडे फारच थोडे देतात, आणि हौशी बँड अनेकदा तिथेच विस्कळीत वाटतो.

सूर थांबवायला डाव्या हाताचे बोट फ्रेटवरून किंचित उचलायचे, तारेवरून नव्हे. पूर्ण उचलले की उघडी तार बोलते. न वाजणाऱ्या जाड तारांवर उजव्या हाताचा अंगठा टेकलेला असावा. वाजवणारी तार बदलली की अंगठाही मागोमाग सरकतो. हे न केल्याने जाड तार आपोआप गुणगुणत राहते आणि साउंडवाल्याला वाटते की फीडबॅक येतो आहे. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६०वर लावून त्याचे ठोके दुसरी आणि चौथी मात्रा समजून वाजवावे. पहिली आणि तिसरी स्वतःला भरावी लागते. पहिले काही दिवस जमत नाही. जमले की लय धावायची थांबते.

कीबोर्डवाल्यांना एक विनंती. ऑर्केस्ट्राच्या सवयीने डावा हात बेसची ओळही वाजवतो, किंवा ऑटो-रिदममधला बेस चालू राहतो. दोन बेस कधीच नेमके एकत्र पडत नाहीत. बेस गिटार असेल तेव्हा डावा हात वर घ्यावा आणि रिदममधला बेसचा भाग बंद करावा. बहुतेक अरेंजर कीबोर्डवर तशी सोय असते.

हातांविषयी थोडे. लिओ फेंडर यांनी १९५१मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसची तार ३४ इंच लांब होती आणि आजही तेच माप चालते. त्यामुळे पहिला फ्रेट नटपासून (दांडीच्या टोकाशी तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) जवळजवळ ४८ मिलिमीटरवर येतो. गिटारवर तेच अंतर ३६ असते. गिटारवरून आलेली मुले चार फ्रेटांना चार बोटे ताणतात आणि महिन्याभरात मनगट दुखू लागते. पाचव्या फ्रेटपर्यंत पहिले, दुसरे आणि करंगळी एवढीच वापरावीत, अनामिका करंगळीच्या मदतीला. हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल बेस घ्यायला संकोच करू नये. पट्टा तीन इंच रुंद हवा आणि बसून वाजवताना वाद्य ज्या उंचीवर असते त्याच उंचीवर उभ्यानेही. वाद्याचे वजन चार किलोच्या आसपास असते. अरुंद पट्टा दोन तासांत खांदा कापतो.

नाशिकची हवा वाद्याची परीक्षा घेते. पावसाळ्यात दमट, डिसेंबर-जानेवारीत कोरडी थंडी, एप्रिल-मेमध्ये चाळिशीची रखरख. चार तारा मिळून नेक (वाद्याची दांडी) ७०-८० किलोने ओढत असतात. लाकूड जरा फुगले-आकसले की तोल बदलतो. गणपतीआधी आणि पुन्हा होळीच्या सुमारास एकदा मोजावे. आधी सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांत फट पाहा: ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (दांडीचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून मोजणे. जोर लागत असेल तर थांबून जाणत्याकडे न्यावे, कारण तुटलेल्या रॉडची दुरुस्ती वाद्याच्या किमतीइतकी पडू शकते. त्यानंतर ब्रिजवरचे सॅडल (तारांच्या खालच्या टोकाचे सरकते आधार): बाराव्या फ्रेटवर जाड तार सुमारे २.४ आणि बारीक तार २ मिलिमीटर उंच. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवावा. दाबलेला चढा येत असेल तर सॅडल नेकपासून मागे. क्रम बदलला तर पहिल्यापासून करावे लागते.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने वरून आणि खालूनही पुसाव्यात. मळकट तारा काढून दहा मिनिटे उकळून पूर्ण वाळवल्या तर काही आठवडे पुन्हा बोलतात. हा उपाय एक-दोनदाच चालतो. बॅटरीवरच्या अॅक्टिव्ह बेसमध्ये केबल खोचली की सर्किट चालू होते, म्हणून रात्री केबल काढून ठेवावी. आवाज फाटका आणि दबका येऊ लागला की अॅम्प उघडण्याआधी ९ व्होल्टची बॅटरी बदलून पाहावी. पाडवा पहाटेसारख्या उघड्यावरच्या कार्यक्रमात थंडीने तारा चढतात आणि वाजवू लागल्यावर बोटांच्या उबेने उतरतात. वाद्य अर्धा तास आधी पेटीतून बाहेर काढावे आणि दुसऱ्या गाण्यानंतर पुन्हा सूर तपासावा.

मंडपातल्या विजेबद्दल मात्र मंडळांनी ऐकायलाच हवे. पावसात, तात्पुरत्या वायरिंगवर, अर्थिंग नसलेल्या सॉकेटला अॅम्प लागतो. बेसच्या तारा अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, गायकाचा माइक मिक्सरच्या अर्थला. दोन्ही वेगळ्या ठिकाणांहून आले असतील आणि त्यांत फरक असेल तर बेसवाल्याचे ओठ माइकला लागताच झटका बसतो. यात जीव जाऊ शकतो. मल्टिमीटरने फेज-अर्थ २३०च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का हे वाद्ये जोडण्याआधी पाहावे. स्टेजची सगळी वाद्ये आणि मिक्सर एकाच लाइनवरून घ्यावेत आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा खटका) असावा. हम (सततची घूं घूं) येतो म्हणून प्लगची अर्थची पिन काढणारे साउंडवाले आजही दिसतात. कुणी पिन काढत असेल तर वाजवायला नकार द्यावा. हमचा योग्य इलाज डीआय बॉक्सवरचा (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्टचा खटका. त्यानेही जात नसेल तर दोन पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकांच्या) जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडावेत, दोन पिकअप एकमेकांचा हम खातात. रोषणाईच्या वायरींपासून दूर सरकूनही फरक पडतो. हा हम ५० हर्ट्झचा, पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधला, त्यामुळे कुठल्याच पट्टीत तो सुरात बसत नाही.

कार्यक्रमाच्या संयोजकांनी बँडला १५ मिनिटे साउंड चेक द्यावा, आणि तो सगळ्यांनी एकत्र वाजवून व्हावा. एकट्या बेसचा आवाज ऐकून साउंडवाला सबवूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) वाढवतो आणि पहिल्याच गाण्याला गायक बुडतो. बँडमधल्या एकाने शेवटच्या खुर्च्यांपर्यंत चालत जाऊन ऐकावे, कारण स्टेजवर दुबळा वाटणारा बेस मागे बहुधा जास्त असतो.

सोसायट्यांना आमची सूचना साधी आहे. सराव बंद करण्याआधी एक संध्याकाळ द्या. बेसवाल्याने जाड तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत प्रत्येक सूर सारख्या जोराने पाच-पाच सेकंद वाजवावा. बँडमधला दुसरा कुणी शेजाऱ्यांच्या घरात, त्यांच्यासोबत, फोनवर उभा राहावा आणि कुठल्या फ्रेटला भिंत थरथरते तो आकडा सांगावा. खोली साधारण चौकोनी असेल तर बाराही सूर जात नाहीत, दोन-तीनच जातात. ते सूर त्या खोलीत एक सप्तक वर, डी तारेवर वाजवायचे किंवा इक्वलायझरवर तेवढाच पट्टा सहा डेसिबल उतरवायचा. त्या फ्रेटांचे आकडे कागदावर लिहून अॅम्पला चिकटवून ठेवावेत आणि सरावाची खोली बदलली की पुन्हा मोजून नवा कागद लावावा.

आपले,
काही हौशी बेस गिटारवादक,
नाशिक